चार नंबरची पाचर

भूपालचा पहिला ठोसा माझ्या नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. दुसरा तोंडावर आला आणि वरचे दोन दात जिभेवर पडले. प्रेस शॉपमध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली होती, शेवटी फोरमन झालो होतो. पोरांवर हात उचलायची मला सवय होती, मार खायची नव्हती. मी खाली कोसळायच्या आत त्यानं माझी कॉलर धरली आणि मला चार नंबरच्या प्रेसपाशी ओढत नेलं. तिथं तो क्षणभर मशीनवर वाकला, मग माझ्या शर्टाच्या खिशात त्यानं बोटं घातली. पेन काढून घेतोय असं मला वाटलं. पुढच्या क्षणी माझं उजवं मनगट त्याच्या मुठीत होतं आणि माझा हात डायमध्ये, खालच्या साच्यात होता.

मशीन चालू होतं. दोनशे टनाचा प्रेस, वरचा रॅम, ठोका देणारा लोखंडी ठोकळा, माझ्या बोटांच्या वर वीतभर अंतरावर थांबलेला. तो खाली आला की चार मिलिमीटरचा पत्रा बिस्किटासारखा तुटतो. हाताचं काय होतं ते मी दोनदा बघितलं होतं. एकदा तर तुटलेली बोटं मीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दवाखान्यात नेली होती.

भूपालचा डावा हात माझ्या मनगटावर होता आणि उजवा हात उजव्या बटणावर.

"साहेब," तो म्हणाला, "फोन किती वाजता आला?"

त्या प्रेसला दोन बटणं होती, एक डावीकडं आणि एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम हलत नाही. माणसाचे दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे डायमध्ये एकही राहत नाही, एवढा साधा हिशेब. पण दोन्ही हातांनी बटणं दाबत बसलं की माल कमी निघतो. म्हणून आम्ही डाव्या बटणाच्या कडेला लाकडी पाचर ठोकायचो. ते बटण दाबलेलंच राहायचं. मग एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. ही अक्कल माझी. बाभळीच्या बारा पाचरी मीच सुताराकडून करून घेतल्या होत्या आणि प्रत्येकीवर तापल्या सळईनं मशीनचा नंबर उमटवला होता. त्यामुळे भूपालचा एक अंगठा खाली गेला की काय होईल, हे त्या शॉपमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कुठला फोन?" मी म्हणालो. "सकाळी फोन आलाच नाही."

*

हे सगळं हेन्रिकपासून सुरू झालं. कागलच्या एमआयडीसीतली आमची कंपनी एका स्वीडिश कंपनीनं विकत घेतली होती आणि नवीन प्रेस बसवायला हा हेन्रिक आला होता. साडेसहा फूट उंच, मिरचीचा ठेचा मागून मागून खाणारा. तो असेपर्यंत मी सगळ्या पाचरी कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. तीन आठवड्यांनी, काम अर्ध्यावर असताना, तो कँटीनमध्ये म्हणाला की उद्या मी निघालो, आता सहा महिने कामावर नाही.

"का? आजारी आहात?" मी विचारलं.

"मुलगी झालीय," तो म्हणाला. "बायकोची रजा संपत आली. आता माझी पाळी."

मी ते पोरांना मराठीत सांगितलं आणि कँटीन हसून हसून आडवं झालं. कुणीतरी ओरडलं, "बाळंतीण कोण, ह्यो का ह्याची बायको?" त्या दिवसापासून त्याचं नाव बाळंतीणसाहेब पडलं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो.

भूपाल मगदूम तेवढा हसला नाही. तो चार नंबरचा ऑपरेटर, सव्वीस वर्षांचा, हातानं चलाख आणि तोंडानं मुका. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, त्यास्नी इचारा की, नेमकी किती रजा मिळती?"

मी विचारलं. हेन्रिकनं कागदी रुमालावर आकडे लिहून दाखवले. आईबापांना दोघांत मिळून चारशेऐंशी दिवस. त्यातले नव्वद फक्त बापाचे. त्यानं घेतले नाहीत तर बुडाले, आईला देता येत नाहीत. त्याचा एक मित्र अमेरिकेत होता, तिथं देशाच्या कायद्यानं पगारी रजा एक दिवसाचीसुद्धा नाही. जपानमध्ये कागदावर वर्षभर, पण घेणाऱ्या पुरुषाकडं अख्खं ऑफिस वळून बघतं.

"आणि तुमच्याकडे?" हेन्रिकनं विचारलं.

आमचे प्लँट मॅनेजर बिडकर शेजारी बसले होते. त्यांनी ऐटीत सांगितलं, "नोकरी करणाऱ्या बाईला सव्वीस आठवडे. बऱ्याच देशांपेक्षा जास्त."

"आणि बापाला?"

"केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर पंधरा दिवस," बिडकर म्हणाले. "खाजगीत तसा कायदा नाही."

भूपालनं तो रुमाल घडी करून खिशात ठेवला. ते मी बघितलं आणि तेव्हाच माझं डोकं सणकलं. पोरांच्या डोक्यात असलं खूळ शिरलं की शिफ्ट चालत नाही.

*

महिन्याभरानं, सोमवारी, तो लाइनमध्ये सगळ्यांसमोर माझ्याकडं आला. बायकोचे दिवस भरत आले होते.

"साहेब, पंधरा दिस रजा पायजे. बिनपगारी द्या."

"डिस्पॅच कोण करणार, तुझा बा? आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. तुझं काय काम तिथं?"

"तिला माहेर न्हाई, साहेब."

हे मला माहीत होतं. हा जैन मगदुमांचा आणि ती उज्ज्वला कांबळ्यांची. दोघांनी लग्न केलं त्या दिवशी दोन्ही घरांनी दारं लावून घेतली. एका खोलीत दोघं राहायची. शेजारची मालनमावशी म्हणून एक म्हातारी, तेवढंच त्यांचं गणगोत. सगळं माहीत असून मी म्हणालो, "माझं पोरगं मी बाराव्या दिवशी बघितलं, बारशाला. मेलं का कोण?"

"हेन्रिकसाहेबाला सा म्हैने," तो हळू म्हणाला, "आणि मला पंधरा दिस बी न्हाईत व्हय?"

दोन-तीन पोरं फिस्सकन हसली. ती मला हसली असं मला वाटलं. मी त्याच्या कानाखाली अशी लगावली की हेल्मेट घरंगळत पाच नंबरपर्यंत गेलं.

"गोरा झालास व्हय रं तू? बाळंतीण व्हायचंय?"

त्याच्या ओठातून रक्त आलं. तो हेल्मेट उचलून परत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता हात उचलतोय. मी तयारही होतो.

"बरं," तो म्हणाला. "मोबाईल गेटवर ठिवावा लागतोय. मावशीकडं तुमच्या केबिनचा नंबर दिलाय. कळा सुरू झाल्या की ती फोन करंल. तेवढं तरी सांगशिला न्हवं?"

"सांगतो की," मी म्हणालो. "माणूसच आहे मी."

*

गुरुवारी सकाळी फोन वाजला. "मालन बोलत्ये, भूपालच्या शेजारनं. पोरीला कळा सुरू झाल्यात आन् रगात जातंय. मला एकटीला उचलाया येत न्हाई. लावून द्या त्याला बिगीबिगी."

"सांगतो," म्हणून मी फोन ठेवला.

खाली ट्रक लागला होता. तीन वाजता तो भरून निघाला नाही तर गिऱ्हाईकाची लाइन थांबणार होती, आणि अडलेला सगळा माल चार नंबरचाच होता. केबिनच्या काचेतून मी खाली बघितलं. फोन वाजला की भूपाल दरवेळी मान वर करून बघायचा. तसा त्यानं आताही बघितलं.

मी मान हलवली. नाही, तुझा नाही.

त्यानं पुढचा पत्रा उचलला.

पहिलटकरणीला वेळ लागतो असं मी स्वतःला सांगितलं. मधे एकदा चहाही प्यालो. साडेतीनला शिफ्ट सुटल्यावर मी त्याला म्हणालो, "अरे, आत्ताच फोन आला बघ. पळ." तो बूटसुद्धा न बदलता पळाला.

मालनमावशीनं दीड वाजेपर्यंत त्याची वाट बघितली. मग रस्त्यावर जाऊन हातापाया पडून एक रिक्षा थांबवली. मुलगी झाली, ती जगली. उज्ज्वला चार वाजता गेली. भूपाल पोचला तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती. दोन तास आधी आणायला हवं होतं, असं त्याला सांगण्यात आलं.

मी भेटायला गेलो नाही. गेलो असतो तर मावशीनं मला आवाजावरून ओळखलं असतं.

*

चौदाव्या दिवशी तो कामावर आला. सातपासून दहापर्यंत मान खाली घालून काम केलं. शेवटी मीच त्याच्याजवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "झालं गेलं. कामात मन रमव."

त्यावर त्यानं मला मारलं. आणि आता माझा हात डायमध्ये होता.

"सकाळी फोन आलाच न्हाई?" तो म्हणाला. "मग मालनमावशी खोटं बोलती?"

"खोटं बोलते ती! म्हातारीचं डोकं फिरलंय!"

त्यानं माझा हात आणखी आत ढकलला, कोपराला प्रेसची कड लागेपर्यंत. नाकातलं रक्त डायवर टपटपत होतं. मी डाव्या हातानं त्याच्या तोंडावर बुक्क्या मारल्या, केस ओढले, त्याच्या दंडाला चावलो. तो हलला नाही. त्याचा अंगठा बटणावर सरकला.

"मी तुमच्याकडं बगत हुतो, साहेब. तुम्ही मान हलिवलीत. तवा फोन कुणाचा हुता? एकदा खरं सांगा. किती वाजता?"

माझी पँट ओली झाली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सगळी लाइन बघत होती आणि माझ्या बुटात गरम पाणी उतरत होतं.

"सव्वाअकरा!" मी किंचाळलो. "सव्वाअकराला आला!"

एकामागून एक सगळे प्रेस थांबले. भूपालनं बटणावरचा हात काढला, माझं मनगट सोडलं आणि तो दोन पावलं मागं झाला.

"बास," तो म्हणाला. "एवढंच पायजे हुतं."

माझी पाचही बोटं जागेवर होती. तो समोर दोन्ही हात खाली सोडून उभा होता. तेव्हा मी गप्प बसलो असतो तर एवढ्यावर मिटलं असतं. पण ओली पँट घेऊन मी तीस माणसांसमोर उभा होतो.

"धरा!" मी ओरडलो. "मारा त्याला!"

तीन गार्ड काठ्या घेऊन धावले. पहिली काठी गुडघ्यामागं बसली, तो खाली गेला. दुसरी खांद्यावर, आणि त्याचं हाड लाकडासारखं वाजलं. त्यानं एकदाही हात वर केला नाही, डोकंसुद्धा झाकलं नाही. गार्ड दमल्यावर मी गेलो. माझ्या बुटाला पुढं लोखंडी टोपी होती. त्याच्या तोंडावर मी लाथा घातल्या, चार की पाच ते आठवत नाही. त्याचा एक डोळा बंद झाला. दुसऱ्या डोळ्यानं तो माझ्या खिशाकडं बघत होता.

गार्डांनी त्याला ओढत बाहेर नेलं. पोरंही मागोमाग गेली. मी प्रेसला टेकून उभा राहिलो आणि नाकाला लावायला रुमाल काढावा म्हणून शर्टाच्या खिशात हात घातला.

रुमालाच्या वर काहीतरी टणक होतं. मी ते बाहेर काढलं. बाभळीची पाचर होती. तिच्यावर चारचा आकडा.

मी वळून डाव्या बटणाकडं बघितलं. ते मोकळं होतं, वर आलेलं.

माझं मनगट धरायच्या आधीच त्यानं पाचर काढली होती. काढून माझ्या खिशात ठेवली होती. एक हात माझ्या मनगटावर असताना तो दुसऱ्या हातानं दिवसभर बटण दाबत बसला असता, तरी रॅम केसभरसुद्धा खाली आला नसता. माझा हात त्याला नकोच होता. त्याला फक्त वेळ हवी होती.

इतक्यात बिडकर धावत आले. माझ्या हातातली पाचर बघून त्यांचा चेहरा उतरला.

"खोत, पोलिस निघालेत. फॅक्टरी इन्स्पेक्टरही येणार. ही कुणाची म्हणून सांगायचं?"

माझी, असं म्हणायला मला एक क्षण मिळाला होता. नाकातून रक्त वाहत होतं, पँट अंगाला चिकटली होती, आणि मला त्याचा राग होता. त्यानं मला सोडून दिलं, याचाच सगळ्यांत जास्त राग होता. मी वाकलो, पाचर डाव्या बटणाच्या कडेला लावली आणि मुठीनं ठोकून आत बसवली.

"त्याची," मी म्हणालो. "मला मारायला त्यानंच ठोकली."

बाकीच्या अकरा पाचरी पोलिस यायच्या आत भट्टीत गेल्या.

*

कोर्टात भूपालच्या वकिलांनी मला एकच प्रश्न तीनदा विचारला. "पाचर तुमच्या खिशात होती, हे खरं आहे ना?"

"नाही," मी तीनदा म्हणालो.

लाइनमधल्या कुणीही तोंड उघडलं नाही. पाचरी सगळ्यांच्याच मशीनला होत्या आणि नोकऱ्या सगळ्यांनाच हव्या होत्या. जिवे मारण्याचा प्रयत्न म्हणून त्याला सात वर्षांची कैद झाली. शिक्षा ऐकून भूपालनं मागं वळून बघितलं. मला वाटलं माझ्याकडंच बघतोय. पण माझ्या मागच्या बाकावर मालनमावशी बसली होती, मांडीवर वर्षाची पोरगी घेऊन.

मी सन्मानानं निवृत्त झालो. नाक थोडं वाकडं राहिलं, दात नवे बसवले. शेजाऱ्यांना मी सांगायचो की प्रेसवर अपघात झाला.

गेल्या महिन्यात आमच्या प्रणवचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. त्याच्या छातीवर तीन महिन्यांचं बाळ झोपलं होतं.

"बाबा, आम्हा दोघांना मिळून चौदा महिने आहेत. मी सात घेतोय. आत्ता तिची ढेकर मी काढली." मग हसत म्हणाला, "माझ्या वेळी तुम्ही किती दिवस घेतले होते हो?"

"अर्धा दिवस," मी म्हणालो. "बारशाला."

तो जोरात हसला. त्याला ती गंमत वाटली. बाळ दचकलं, तसा त्यानं पाठीवर हात ठेवून त्याला पुन्हा निजवलं. कुणी शिकवलं होतं त्याला ते? मी तरी नाही. मला फोन बंद करावा लागला. त्या रात्री मी दोन पानं लिहून काढली. पाचर कुणी करून घेतली, कुणाच्या खिशात सापडली, पुन्हा कुणी ठोकली, सगळं. खाली सही केली.

भूपाल सुटून वर्ष झालं होतं. सकाळी साडेसातला मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तीच एक खोली. तो जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि पुढ्यात शाळेच्या गणवेशातली आठ वर्षांची पोरगी पाठ करून बसली होती. तो तिची वेणी घालत होता. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला होता, आणि एक डोळा अर्धवट मिटलेला.

त्यानं मला ओळखलं. मला वाटलं, उठेल, मारेल. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेलो होतो.

"भूपाल," मी म्हणालो. "पाचर खिशात होती. सगळं लिहून आणलंय. सहीसकट. कुठं द्यायचं तिथं दे. मला आत टाकलं तरी चालेल."

"ठिवा तितं," तो म्हणाला. "दोन्ही हात गुतल्यात माजं."

मी कागद चुलीशेजारच्या फळीवर ठेवले. त्यानं तिकडं बघितलं नाही. तीन पेड हातात धरून तो कुठला कशावरून न्यायचा ते आठवत होता. एक पेड सुटला.

"काका, दुखतंय!" पोरगी म्हणाली. "मावशी असं वडत न्हाई."

मी दचकून म्हणालो, "मी काय केलं, बाळ?" तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं. ती मला म्हणाली नव्हती.

भूपालची बोटं थांबली होती.

"वरीस झालं," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "अजून काकाच म्हणती."

"म्हणेल हळूहळू," मी म्हणालो. म्हणताना माझीच मला लाज वाटली.

त्यानं रिबन सोडली, वाकडी झालेली वेणी पूर्ण उलगडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली. बाहेर शाळेच्या रिक्षानं दोनदा हॉर्न दिला, तरी त्यानं हात काढले नाहीत.